वर्षाचे खर्च बाराने भागायचे, पण सुरुवात कुठल्या महिन्यात?

ताळेबंद (धागाकर्ता)

घरखर्चाच्या प्रत्येक चर्चेत "पगाराच्या किती टक्के बचत करावी" हा वाद होतो आणि गाडी तिथेच अडते. टक्के नंतर बघू. महिन्याचं गणित चहा-वडापावने फारसं बिघडत नाही. ते बिघडतं जूनच्या फीने, दिवाळीने, विम्याच्या हप्त्याने. हे खर्च दर वर्षी येतात, महिना ठरवून येतात, आणि तरी दर वर्षी "यंदा जरा ओढाताण झाली" म्हणत आपण एफडी मोडतो किंवा कार्ड घासतो.

एक नमुना घर घेऊ. शहराचं उपनगर, चौघं जण, शाळेत जाणारी दोन मुलं, हातात येणारा पगार ७८,०००. पीएफ आधीच कापलेला आहे. वर्षाचे मोठे खर्च असे:

शाळेची फी (दोन मुलं, दोन सत्रं): ८४,०००
वह्या, पुस्तकं, गणवेश, बूट, दप्तर: १४,०००
आरोग्य विमा: २६,०००
टर्म विमा: १५,०००
दुचाकीचा विमा, पीयूसी, दोन सर्व्हिसिंग: ७,०००
मालमत्ता कर: ९,०००
दिवाळी (कपडे, फराळ, घरकामाच्या मावशींचा एक पगार): २५,०००
गणपतीला गावी जाणं-येणं: १२,०००
लग्नकार्यं, आहेर: १०,०००
वर्षाचे गहू, तिखट, मसाला: ९,५००
आरओ आणि एसीची देखभाल: ५,०००
विजेची अतिरिक्त सुरक्षा ठेव: १,५००

बेरीज २,१८,०००. बाराने भागली की १८,१६७, म्हणजे सरळ १८,२०० धरा. पगाराचा जवळजवळ पाव भाग.

आता याच घराने ही रक्कम वेगळी न काढता महिन्याला २८,२०० ची एसआयपी लावली तर कागदावर बचत ३६ टक्के दिसते. त्यातले १८,२०० वर्षभरात परत बाहेर येणार असतात. खरी बचत १०,०००, म्हणजे १३ टक्क्यांच्या आत. उरलेली रक्कम म्हणजे अजून न झालेला खर्च. तिला बचत म्हणायचं नाही, एवढं जमलं की निम्मं काम झालं.

यादीत काय सुटलं, पैसे कुठे ठेवावेत, सुरुवात कधी करावी, यावर लिहा.

---

चिल्लरखुर्दा

यादी डोक्यातून लिहू नका, हमखास तीन-चार गोष्टी सुटतात. बँकेच्या साइटवरून मागच्या १२ महिन्यांचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवा. पीडीएफ घेतलंत तर रकाने जुळवण्यात संध्याकाळ जाते. मग नावे (डेबिट) रकमांच्या रकान्याला फिल्टर लावून १,५०० च्या वरच्या ओळी ठेवा. त्यातून घराचा हप्ता, एसआयपी आणि स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात गेलेल्या रकमा काढून टाका. दर महिन्याला येणारी नावंही गाळा. उरतं ती तुमची यादी.

क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट वेगळं काढायला विसरू नका. बँकेत ते "कार्ड बिल ३१,४००" असं एकाच ओळीत दिसतं आणि त्याच्या पोटात गाडीचा विमा दडलेला असतो.

यूपीआयची पंचाईत अशी की ओळीत समोरच्या माणसाचं नाव येतं, कारण येत नाही. सहा महिन्यांनी त्या नावाला ४,५०० कशाचे दिले ते आठवत नाही. पैसे पाठवताना शेऱ्याच्या चौकटीत दोन शब्द टाकायचे: "टायर मागचा", "सोफा कापड". पुढच्या वर्षी यादी दहा मिनिटांत होते.

---

पाचवा_मजला

सोसायटीच्या मेंटेनन्स बिलात 'सिंकिंग फंड' अशी ओळ असते, ती हीच कल्पना. आदर्श उपविधींप्रमाणे हा फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के गोळा करायचा असतो. लिफ्ट बदलायची वेळ पंधरा वर्षांनी येते, पैसे आजपासून जमतात. ज्या सोसायट्या "मेंटेनन्स कमी ठेवू" म्हणून हे टाळतात तिथे रंगकामाच्या वेळी प्रत्येकाच्या दारात एकरकमी मागणी येते. घरातही तेच होतं, फरक इतकाच की भांडायला सभा मिळत नाही.

यादीत एक भर. फ्रिज, वॉशिंग मशीन, गादी, मोबाइल हे दर वर्षी येत नाहीत म्हणून राहून जातात. किंमत भागिले अपेक्षित वर्षं करा. ३०,००० चा फ्रिज १० वर्षांसाठी म्हणजे वर्षाला ३,०००. १८,००० चा फोन तीन वर्षांसाठी म्हणजे वर्षाला ६,०००, आणि घरात असे दोन तरी असतात. बहुतेक घरांत फोन फ्रिजपेक्षा महाग पडतो तो असा.

---

सातबारा_उतारा

गणित पटलं, पण बाराने भागून भागत नाही. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर जूनपर्यंत तीनच हप्ते जमा होतात, ५४,६००. तोवर विमा, कर, धान्य, फी सगळं येऊन जातं. मग पहिल्याच वर्षी फंड रिकामा आणि उत्साहही.

---

ताळेबंद

@सातबारा_उतारा, बरोबर पकडलंत. बहुतेक लोक इथेच सोडून देतात. खर्च महिन्यांवर मांडून शिल्लक चालवत न्यायला हवी. जमा दर महिन्याच्या सुरुवातीला १८,२०० धरली आहे. एप्रिलपासून शून्याने सुरुवात केली तर महिनाअखेरची शिल्लक:

एप्रिल (आरोग्य विमा २६,०००): उणे ७,८००
मे (धान्य, कर, सुरक्षा ठेव, आहेर ३०,०००): उणे १९,६००
जून (फी आणि वह्या-पुस्तकं ५६,०००): उणे ५७,४००
जुलै (दुचाकी ७,०००): उणे ४६,२००
ऑगस्ट: उणे २८,०००
सप्टेंबर (गणपती १२,०००): उणे २१,८००
ऑक्टोबर (दिवाळी २५,०००): उणे २८,६००
नोव्हेंबर (फी ४२,०००): उणे ५२,४००
डिसेंबर: उणे ३४,२००
जानेवारी (टर्म विमा १५,०००): उणे ३१,०००
फेब्रुवारी (देखभाल ५,०००): उणे १७,८००
मार्च: अधिक ४००

सगळ्यात खोल खड्डा जूनचा, ५७,४०० चा. म्हणजे एप्रिलमध्ये सुरू करायचं तर आधी ५७,४०० टाकून सुरू करा, नाहीतर खड्डा संपल्यावर सुरू करा. तेच खर्च ठेवून जुलैपासून शून्याने चाललं तर जुलैअखेर ११,२००, ऑगस्ट २९,४००, सप्टेंबर ३५,६००, ऑक्टोबर २८,८००, नोव्हेंबर ५,०००, डिसेंबर २३,२००, जानेवारी २६,४००, फेब्रुवारी ३९,६००, मार्च ५७,८००, एप्रिल ५०,०००, मे ३८,२०० आणि जूनअखेर ४००. एकदाही शून्याखाली जात नाही.

शाळेत जाणारी मुलं असलेल्या आपल्याकडच्या घरांचं वर्ष खऱ्या अर्थाने जुलैत सुरू होतं. १ जानेवारीचे संकल्प आणि १ एप्रिलचं आर्थिक वर्ष दोन्ही याला गैरसोयीचे. डिसेंबरपासून सुरू केलं तर जूनमध्ये ४,६०० कमी पडतात, तेवढं एखाद्या बोनसमधून भरून निघेल. जानेवारी ते जून या काळात मात्र रिकाम्या हाताने सुरू करू नये.

एक्सेलमध्ये तीनच रकाने लागतात: जमा, खर्च, शिल्लक. शिल्लक म्हणजे वरची शिल्लक अधिक जमा वजा खर्च, आणि हे सूत्र खाली ओढायचं. शिल्लकेच्या रकान्यातली सगळ्यात लहान संख्या उणे असेल तर तेवढी रक्कम आधी टाकायची.

---

नऊचाळीस

नोव्हेंबरात फक्त ५,००० उरतात ते बघून घ्या. दिवाळी मागे-पुढे होते. २०२६ ची लक्ष्मीपूजा ८ नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळी आणि दुसऱ्या सत्राची फी एकाच महिन्यात. नोव्हेंबरअखेरची शिल्लक त्याने बदलत नाही, पण ऑक्टोबरअखेर ५३,८०० दिसतात आणि घरात टीव्हीचा विषय निघतो. आकडा मोठा दिसला तरी त्यावर नाव लिहिलेलं आहे, हे घरात सगळ्यांना माहीत हवं.

---

कोरा_चेक

पैसे कुठे ठेवायचे यावर. आधी किती पैशांचा प्रश्न आहे ते मोजा. धागाकर्त्याच्या जुलैवाल्या ओळीतल्या बाराही शिल्लका मिळवून बाराने भागल्या की सरासरी २८,८०० येते. बचत खात्यावर अडीच टक्के आणि एफडीवर सहा टक्के धरले तर वर्षाचा फरक सुमारे हजार रुपये. एक ऑटो डेबिट बाउन्स झालं तर ५०० आणि वर १८ टक्के जीएसटी धरून ५९० जातात. तेव्हा या फंडाच्या बाबतीत व्याजाच्या मागे धावू नका, पैसा वेळेवर हातात येईल तेवढं बघा.

माझी पसंती: पगाराच्या खात्यापासून वेगळं, स्वीप-इन असलेलं (ठरावीक रकमेच्या वरचे पैसे आपोआप एफडीत वळवणारं) बचत खातं. त्याचं डेबिट कार्ड कपाटात आणि यूपीआय ॲपला ते खातं जोडायचंच नाही. पगारानंतर दोन दिवसांनी स्टँडिंग इन्स्ट्रक्शनने (ठरल्या तारखेला आपोआप पैसे वळवण्याची बँकेला दिलेली सूचना) १८,२०० तिकडे. पगार ७ तारखेला होत असेल तर सूचना ९ ची द्या, ७ ला सुट्टी आली तर चुकत नाही.

स्वीपमधल्या दोन खोचा. एक, एफडीला किमान ७ दिवस लागतात. पाच दिवसांपूर्वी स्वीप झालेला तुकडा फीसाठी मोडला तर त्यावर काहीच व्याज नाही. दोन, मोडताना सगळ्यात नवा तुकडा आधी मोडतात की सगळ्यात जुना, हे बँकेगणिक वेगळं. नवा आधी मोडणारी पद्धत आपल्या सोयीची, जुने तुकडे पिकत राहतात. खातं उघडताना हा प्रश्न विचारा, काउंटरवरच्या माणसाला बहुधा आत जाऊन विचारून यावं लागतं.

दुसरं खातं झिरो बॅलन्सचं बघा. मात्र 'बेसिक सेव्हिंग्ज' प्रकारचं उघडलंत तर त्याच बँकेत तुमचं दुसरं साधं बचत खातं चालत नाही.

आरडी या कामाला तितकीशी बरी नाही. पैसे शेवटी एकदम मिळतात आणि आपल्याला ते वर्षभर तुकड्यांत हवेत. फक्त फीपुरती जुलै ते जून अशी बारा महिन्यांची बँकेची आरडी चालेल. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही. हप्ता चुकला तर १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड. ती लांबच्या बचतीसाठी ठीक.

लिक्विड फंडात (अल्प मुदतीचा म्युच्युअल फंड) सात दिवसांच्या आत काढले तर थोडा एक्झिट लोड (काढण्याचं शुल्क), त्यानंतर नाही. झटपट काढण्याची मर्यादा दिवसाला ५०,००० किंवा शिलकीच्या ९० टक्के, यातलं जे कमी ते. जूनमध्ये ५६,००० लागणार असतील तर दोन दिवस आधी हलवा.

---

वाणसामान

पतसंस्था दोन टक्के जास्त देतात म्हणून हा फंड तिथे ठेवणारे बरेच आहेत. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा असतो (फेब्रुवारी २०२० पर्यंत १ लाखच होता). हे सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्था बँक नव्हे, तिला हे संरक्षण नाही. सरासरी २८,८०० वर दोन टक्के म्हणजे वर्षाला ५७६ रुपये. तेवढ्यासाठी मुलांची फी टांगणीला लावायची का, ते ठरवा.

---

मीटर_रीडिंग

विजेची सुरक्षा ठेव यादीत घेतली हे बघून बरं वाटलं, सहसा कोणी धरत नाही. महावितरण वर्षभराचा वापर बघून सरासरी मासिक बिलाच्या दुपटीइतकी ठेव ठेवायला सांगतं. वापर वाढला असेल तर फरकाचं वेगळं बिल उन्हाळ्याच्या सुमारास येतं. ती थकबाकी नाही आणि फसवणूकही नाही. ठेवीवर व्याज मिळतं आणि ते बिलातून वळतं होतं. फसवणूक ओळखायची खूण वेगळी: "आज रात्री वीज कापणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज.

विजेचं महिन्याचं बिल मात्र सरासरी काढून धरा. आपल्याकडे टप्पे १००, ३००, ५०० युनिटचे. प्रत्येक टप्प्यावरच्या युनिटलाच वाढीव दर लागतो, सगळ्या युनिटला नाही. तरी एसी चालू झाला की एप्रिल-मेचं बिल हिवाळ्याच्या दुप्पट सहज होतं. बारा महिन्यांची बिलं मिळवून बाराने भागा, हिवाळ्यात उरेल ते फंडात टाका. छापील बिल बंद करून ईमेलवर घेतलं की बिलामागे १० रुपये सुटतात. मोठी रक्कम नाही, पण एकदाच नोंद करायची आहे.

---

खर्चिक_खरे

उलट बाजूने बोलतो. अशा धाग्यांवर खर्च म्हणजे पाप असा सूर लागतो आणि लोक झेपणार नाही इतकी बचत लावून बसतात. पीपीएफ ७.१ टक्के देतंय म्हणून त्यात जमेल तितकं कोंबायचं, मग जूनमध्ये पैसे नाहीत म्हणून कार्डाचं 'मिनिमम ड्यू' भरायचं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर्षाला ४२. त्यात पीपीएफमधून पहिली पाच-सहा वर्षं काही काढताही येत नाही.

हिशेब बघा. बिल ४०,०००, भरले २,०००. उरलेल्या ३८,००० वर महिन्याचं व्याज १,३३०, त्यावर जीएसटी २३९. म्हणजे भरलेल्या २,००० मधले १,५६९ व्याजालाच गेले, मुद्दल ४३१ ने हललं. प्रत्यक्षात थोडं जास्तच जातं, कारण व्याज बिलाच्या तारखेपासून नाही, खरेदीच्या तारखेपासून लागतं. आणि जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी मिळत नाहीत. आज कार्डावर घेतलेलं दूधसुद्धा आजपासून व्याजावर.

थकीत कार्ड असेल तर एसआयपी थांबवा आणि आधी ते फेडा. ४२ टक्के खात्रीने देणारा फंड अजून कोणी काढलेला नाही.

आणि मौजेसाठी नाव घालून पैसे ठेवा. नवरा-बायको दोघांना प्रत्येकी दीड हजार, बिनहिशेबी. पुस्तक, पार्लर, मॅचचं तिकीट, काहीही. त्याचा जाब विचारायचा नाही आणि वहीत लिहायचं नाही. हे नसलं की तेच पैसे किराण्याच्या नावाखाली जातात आणि किराण्याचा आकडा कधीच खरा येत नाही.

---

तिखटमीठ

+१. पुढचं पाऊल आठवड्याच्या पैशांचं. नमुना घरात ७८,००० मधून १८,२०० फंड, समजा २१,००० घराचा हप्ता, १०,००० लांबची बचत. उरले २८,८००. वीज, गॅस, नेट, मोबाइल, मेंटेनन्स, घरकाम मिळून ९,८०० आणि बिनहिशेबी ३,००० काढले की १६,०००. किराणा, दूध, भाजी, पेट्रोल, बाहेरचं खाणं यातून.

हे चाराने भागून आठवड्याला ४,००० धरले की २८ दिवसांत संपतात आणि ३१ च्या महिन्यात शेवटचे तीन दिवस कोरडे. दर महिन्याला 'थोडंसंच कमी पडतं' त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. १६,००० भागिले ३०.४ गुणिले ७ करा: ३,६८०. त्यात रोज दोन लिटर दूध साठ रुपयांनी धरलं तर ८४० त्याचेच.

बारीक खर्चासाठी यूपीआय लाइट (यूपीआय ॲपमधलंच छोटं पाकीट) चांगलं. त्यात जास्तीत जास्त ५,००० राहतात आणि एका वेळी १,००० पर्यंत जातात. दर सोमवारी २,००० भरा आणि संपले की संपले. दोन गोष्टी बघा: ऑटो टॉप-अप बंद हवं, नाहीतर संपतच नाही. आणि पासबुकात फक्त 'लाइटमध्ये भरले' एवढीच ओळ येते, भाजीवाला-रिक्षावाला वेगळे दिसत नाहीत. ज्यांना प्रत्येक रुपया लिहायचा आहे त्यांना हे खटकेल, बाकीच्यांना पासबुक स्वच्छ दिसेल.

---

पासिंग_झालं

'नो कॉस्ट ईएमआय' राहिलं. शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्यवहार असा होतो: ३०,००० चा फोन, ५,००० चे सहा हप्ते. बँक १५ टक्क्यांनी व्याज लावते, ते होतं सुमारे १,२७०. दुकानदार तेवढी सूट देतो म्हणून बेरीज ३०,००० च राहते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, २२९ रुपये, तुमच्याकडून जातो. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर जीएसटीसकट २३५. एकूण ४६४ वर. शिवाय रोखीने मिळाली असती ती सूट गेली. ४६४ देऊन सोय घ्यायला हरकत नाही, फुकट समजू नका इतकंच.

दुचाकीच्या विम्याचं: मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो आणि परत २० पासून चढायचं. नवी गाडी असेल तर थर्ड पार्टी पाच वर्षांची एकदम भरलेली असते. पहिली काही वर्षं नूतनीकरण स्वस्त वाटतं आणि सहाव्या वर्षी आकडा उडी मारतो. यादीत आत्ताच जास्त धरा.

---

कोरा_चेक

विम्यावरून आठवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. स्टेटमेंटवरून यादी करताना त्याआधीचा हप्ता १.१८ ने भागून घ्या. पण आरोग्य विम्याचा मूळ हप्ता वयाचा टप्पा ओलांडला की वाढतो, तेव्हा सुटलेले पैसे लगेच वाटून टाकू नका.

आयुर्विम्याचा हप्ता महिन्याला भरण्यापेक्षा वर्षाला भरला तर बऱ्याचदा सूट मिळते. फंड असल्यामुळेच वार्षिक भरणं शक्य होतं. शाळा दोन्ही सत्रांची फी एकदम भरल्यास सवलत देत असेल तर मात्र वरचं कोष्टक परत मांडा. जूनचा खड्डा ४२,००० ने खोल होतो.

---

आजीचा_बटवा

भिशीबद्दल कोणीच बोललं नाही? १२ जणी, महिना ५,०००, जिचा नंबर तिला ६०,०००. यात सुटणं लाजिरवाणं असल्यामुळे पैसे जमतातच. ॲपला ते जमत नाही.

---

वाणसामान

जमतात, पण नंबर कधीचा ते बघा. जुलैत सुरू झालेल्या भिशीत पहिला नंबर म्हणजे ५५,००० चं बिनव्याजी कर्ज, शेवटचा म्हणजे वर्षभर बिनव्याजी ठेव. फीसाठी हवी असेल तर मे-जूनचा नंबर ठरवून मागा, चिठ्ठीवर सोडू नका. बोली लावून सोडतात ती भिशी वेगळा प्रकार. त्यात पडू नये.

सराफाच्या मासिक योजनाही बऱ्याच जणी दिवाळीसाठी घेतात. त्या ११ महिन्यांच्याच का असतात? कंपन्यांच्या ठेव नियमांप्रमाणे (२०१४) मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली नाही तर ती 'ठेव' ठरते. म्हणून वर्षाच्या आत दागिना घ्यायलाच लागतो. सूट बहुतेक घडणावळीवर असते, रोख परत मिळत नाही, आणि ठेव विमाही नाही. सोन्यावर ३ टक्के जीएसटी वेगळा. दागिना घ्यायचाच असेल तर ठीक, फीचे पैसे तिथे नकोत.

---

फिरती_कामं

पगारदारांचं झालं. ज्यांचं उत्पन्न एका महिन्यात लाख आणि दुसऱ्यात पंधरा हजार, त्यांनी काय करायचं? डिझाइन, भाषांतर, शिकवण्या, वकिली असली कामं.

---

ताळेबंद

@फिरती_कामं, तीन खाती. सगळी कमाई 'येणं' खात्यात. त्यातून दर महिन्याच्या १ तारखेला ठरलेला 'पगार' घरच्या खात्यात. पगाराचा आकडा मागच्या १२ महिन्यांच्या सरासरीवर ठरवू नका. बाराही महिने चढत्या क्रमाने लावा आणि खालून चौथा घ्या. येणं खात्यात त्या पगाराचे तीन महिने साठेपर्यंत तो वाढवायचा नाही.

तिसरं खातं कराचं. गिऱ्हाइकाने १० टक्के टीडीएस कापला म्हणजे कर संपला नाही. आगाऊ कर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (जमेच्या ठरावीक टक्के उत्पन्न धरून कर) असाल तर सगळा १५ मार्चपर्यंत एकदाच. हाही तारीख असलेला खर्च, तेव्हा फंडाच्या कोष्टकात मार्चच्या ओळीत जातो. जूनसारखाच दुसरा खड्डा तिथे तयार होतो.

अडीअडचणीचा निधी यात मिसळू नका. सोपा नियम: खर्चाचा महिना माहीत असेल तर तो फंडातून, माहीत नसेल तर अडीअडचणीतून. दात दुखला, नोकरी गेली, बोअरची मोटर जळली, हे दुसऱ्यात. त्यासाठी तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा, हप्ते धरून.

---

नऊचाळीस

पगारदारांपैकी जुन्या करप्रणालीत असलेल्यांसाठी: जानेवारीत ऑफिसला गुंतवणुकीचे पुरावे दिले नाहीत तर वर्षाचा उरलेला कर जानेवारी ते मार्चच्या पगारांत कापला जातो. नेमकं त्याच महिन्यांत फंडाची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन परत जाते आणि जूनला खड्डा पडतो. नव्या प्रणालीत हा प्रकार कमी.

---

सातबारा_उतारा

वर्षाच्या गव्हावर एक शंका. एकदम घेणं खरंच स्वस्त पडतं का?

---

तिखटमीठ

@सातबारा_उतारा, कोरड्या हवेत पडतं. चौघांना महिन्याला १२-१५ किलो धरले तर दीड क्विंटलच्या आसपास होतात. मुंबई-कोकणात पावसाळी दमटपणा लागला की टोके होतात आणि चाळून, वाळवून, फेकून बचत संपते. तिथे सहा महिन्यांचे घ्या, कडक उन्हात वाळवून, एरंडेल चोळून, हवाबंद पिंपात. तिखटाला ही भीती कमी. वर्षाचं तिखट करताना मिरची डागी किंवा ओलसर नको, तिखट पूर्ण गार झाल्याशिवाय बरणी बंद करायची नाही, आणि मधे हिंगाचे खडे. कांडपाची मजुरीही खर्चात धरा.

---

आजीचा_बटवा

यादीत धोंडा नाही! अधिक महिना साधारण तेहेतीस महिन्यांनी येतो. २०२३ ला श्रावण होता, २०२६ ला ज्येष्ठ, म्हणजे १७ मे ते १५ जून. जावयाचं वाण, लेकीला साडी, अनारसे, चांदीचा दिवा. आणि तो बरोबर तुमच्या जूनच्या खड्ड्यात पडला.

---

ताळेबंद

@आजीचा_बटवा, मान्य. दर वेळी ९,००० धरले तर भागिले ३३, महिन्याला २७३. हप्ता १८,५०० करतो.